माणकोली नाक्यावरचं एअर-कूलिंग

भिवंडीत मोटरसायकल थांबली की मालक उतरून पहिलं काम काय करतो, तर इंजिनाजवळ हात नेतो. हात लावायचा नसतो. नुसता जवळ न्यायचा आणि लागायच्या आत झटकन मागे घ्यायचा. मग आजूबाजूला जो कोणी असेल त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचं, "जाम तापलीय." तो जो कोणी असतो तोही पुढे होतो, आपला हात नेतो, मागे घेतो आणि दुजोरा देतो, "तापलीय खरी." दोघांचं समाधान होतं. किती तापलीय, तापायला नको होती का, आणि इतका वेळ आत पेट्रोल जाळून ती दुसरं काय करणार होती, हे प्रश्न कुणाला पडत नाहीत. हे मी धामणकर नाक्यावर पाहिलंय, वंजारपट्टी नाक्यावर पाहिलंय, अंजूरफाट्याला तर येताजाता पाहतो.

या गावात हवेने थंड होणारी मोटरसायकल कोण चालवत नाही? कारखान्यातून कापडाचे तागे मागच्या सीटवर दोरीने आवळून नेणारा यंत्रमागवाला चालवतो. दापोडे-वळच्या गोडाऊनमधून पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन सुटलेला पोरगा चालवतो. गळ्यात जाड साखळी घालून बुलेटवर ऐसपैस बसलेला आगरी दादूस चालवतो आणि डबा हँडलला लटकवून शाळेत निघालेले गुरुजीही चालवतात. मिळकती वेगळ्या, भाषा वेगळ्या, हॉर्नही वेगळे. पण "गाडी तापते का हो तुमची?" एवढं विचारलं की चौघेही स्टँड लावतात. यंत्रमागवाल्याच्या मते तापण्याने इंजिनाचं आयुष्य घटतं. दादूसच्या मते "तापल्याबिगर बुलेट बोलतच नाय." पोराचं म्हणणं असं की गाडी मालकाची आहे. गुरुजी सांगतात की याचं शास्त्रीय उत्तर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असणार. ती पुस्तिका गाडी घेतली त्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत सीटखाली आहे आणि सीटचं कुलूप गंजलेलं आहे.

भिवंडीच्या माणसाला कुठलीही गोष्ट युनिटमध्ये सांगावी, लगेच कळते. विजेच्या बिलाने त्याचं तेवढं शिक्षण केलेलं आहे. तर एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. गुरुजींची १०० सीसीची गाडी लिटरला ६० किलोमीटर देते असं धरलं आणि ती ताशी ४५च्या वेगाने चालली असं धरलं (हे दोन्ही आकडे भिवंडीच्या हद्दीबाहेरचे समजावेत), तर तासाला पाऊण लिटर, म्हणजे पावणेसात युनिटं जळाली. त्यांतली चाकापर्यंत पोचतात ती फार तर पाव हिस्सा. उरलेली पाच युनिटं निव्वळ उष्णता. तिच्यातली बरीचशी सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते आणि बाकीची इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. यंत्रमागाची मोटर एक हॉर्सपॉवरची, म्हणजे पाऊण किलोवॅटची धरा. गुरुजी पोथ्या-पुस्तकं घेऊन शांतपणे चाललेले दिसतात खरे, पण सहा-सात माग चालतील एवढी ऊर्जा ते सतत दोन्ही पायांच्या मधून हवेत सोडत असतात. आणि उतरल्यावर हात नेऊन म्हणतात, काहीतरी बिघाड दिसतोय. बिघाड कसला? माणसं वाहून नेणं हा त्या यंत्राचा जोडधंदा आहे. मुख्य धंदा ऊब देण्याचा.

आत काय चालतं ते बघितलं तर तक्रार करायला तोंड उरत नाही. ठिणगी पडते तेव्हा सिलिंडरमधल्या जळत्या वायूचं तापमान २,००० अंश सेल्सियसच्या वर जातं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. त्रैराशिक मांडलं तर पहिल्या किकला पिस्टनचा रस होऊन सायलेन्सरमधून गळायला हवा. तसं होत नाही, कारण भडका सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता असतो, त्याच्या मागोमाग हवा आणि पेट्रोलचं गार मिश्रण आत येतं, आणि पिस्टनने जेवढी उष्णता घेतली तेवढी तो रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीला आणि खालून ऑइलला देऊन मोकळा होतो. भिंत ती बाहेरच्या फिन्सना देते. फिन्स म्हणजे इंजिनाभोवती एकावर एक रचलेल्या त्या पातळ चकत्या, ज्यांच्यामध्ये आपल्याकडे चिखल ठेवायची पद्धत आहे. वाऱ्याला जास्तीत जास्त अंग दाखवायचं, एवढंच त्यांचं काम.

भिवंडीत चिखलाच्या जोडीला सुताचा तूस असतो. मागांच्या गल्ल्यांतून रोज जाणाऱ्या गाडीच्या फिन्सवर आधी ऑइलचा ओलावा, त्यावर धूळ, त्यावर तूस असा थर चढत चढत इंजिनाला चांगली गोधडी तयार होते. भर वैशाखात गोधडी पांघरून बसलेल्याला "तुला गरम का होतंय?" असं आपण विचारणार नाही. इंजिनाला विचारतो. आणि विचारताना गोधडी तशीच ठेवतो, कारण ती काढायची तर ब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन उकिडवं बसावं लागतं, आणि उकिडवं बसण्याचं वय बुलेट परवडायच्या आत निघून गेलेलं असतं.

आता उन्हाचं. "एवढ्या उन्हात इंजिनाचं काय होत असेल" हे वाक्य एप्रिल-मे महिन्यात भिवंडीत जितक्या कळवळ्याने उच्चारलं जातं, तितक्या कळवळ्याने मागे बसलेल्या बायकोविषयी काही बोललेलं मी ऐकलेलं नाही. न्यूटनने १७०१ साली वस्तू थंड होण्याचा नियम लेख लिहून छापला, तोही स्वतःचं नाव न घालता. गरम वस्तू किती लवकर निवते हे तिच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं, असा त्याचा मथितार्थ. चालत्या गाडीच्या हेडचं तापमान १८० अंश धरू. बाहेर ३० अंश असले तर फरक १५०. बाहेर ४० झाले तर १४०. म्हणजे ज्या दहा अंशांनी आपला जीव मेटाकुटीला येतो, त्यांनी इंजिनाच्या निवण्यात सात टक्क्यांची घट होते. बस्स. तेवढी भरून काढायला वेग ताशी चार-पाच किलोमीटरने वाढवला तरी पुरे. अडचण इतकीच की कल्याण नाक्यावर आपला सगळा वेगच ताशी चार-पाच किलोमीटर असतो.

हाच हिशोब उलट्या बाजूने लडाखला लागतो. पोरं बुलेट घेऊन खारदुंग ला चढतात आणि तिथल्या थंडीत इंजिन कसं गारेगार राहत असेल याच्या गोष्टी परत येऊन सांगतात. थंडी असते खरी, पण एवढ्या उंचीवर हवाच विरळ, समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. गार आहे, पण थोडी आहे. आपल्याकडे गरम आहे, पण भरपूर आहे. इंजिनाला विचारलं तर ते कुठे राहणं पसंत करील सांगता येत नाही.

पण वर बसलेल्या माणसाचं काय? इंजिनाला ४० अंशांची हवा थंडच लागते. माणसाचं अंग ३७ अंशांचं. बाहेर ४० झाले की हवा त्याला निववत नाही, उलट तापवते. मग घाम हा एकच मार्ग उरतो, आणि खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळायचं नाव घेत नाही. सदऱ्याला चिकटतो आणि तिथेच मुक्काम करतो. भिवंडीच्या मे महिन्यात मोटरसायकलवरच्या दोघांपैकी ज्याची कूलिंगची व्यवस्था खरोखर कोलमडलेली असते, तो हेल्मेट घालून वर बसलेला असतो आणि खाली वाकून दुसऱ्याची काळजी करत असतो.

एवढं सगळं इंजिनाच्या बाजूने बोलल्यावर त्याची एक अडचणही सांगायला हवी. हवेने थंड होणारं इंजिन ज्याने कुणी काढलं, त्याची एका गोष्टीवर श्रद्धा होती: मोटरसायकल चालेल. चालेल तर वारा लागेल, वारा लागेल तर फिन्स निवतील. या श्रद्धेत माणकोली नाका बसत नाही. राजनोली नाकाही बसत नाही. कशेळी ते अंजूरफाटा हा जुना आग्रा रोड तर मुळीच बसत नाही. तिथे ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो पाचचे खांब उभे राहिले तेव्हापासून उरलेल्या रस्त्यात कंटेनर, टेम्पो, रिक्षा, बैठ्या चालीने सरकणारे टँकर आणि आपण असा मुक्काम असतो. मेट्रोचा एक फायदा मात्र तत्काळ झाला. खांबांवरच्या पुलाची सावली पडते. त्यामुळे नाक्यावरचे मोटरसायकलवाले थांबायच्या रेषेपाशी न थांबता सावली संपते तिथे थांबतात, आणि मध्ये जी पंधरा-वीस फूट उन्हाची मोकळी जागा राहते तिच्यात मागून येऊन रिक्षा घुसते.

स्कूटर काढणाऱ्यांनी रस्त्यावर असा आंधळा विश्वास ठेवला नाही. बजाज चेतक १९७२ साली आली आणि तीस वर्षांहून जास्त टिकली. तिचं इंजिन उजव्या बाजूच्या फुगीर पत्र्याआड असायचं आणि फ्लायव्हीलला जोडलेला पंखा त्याच्यावर वारा मारायचा. रस्ता चालू दे नाहीतर बंद पडू दे, वारा घरचा. (ती चालू करण्याआधी एका अंगावर आडवी करावी लागायची, तो भाग वेगळा. पेट्रोलसाठी होता, कूलिंगसाठी नव्हे.) आजच्या गिअर नसलेल्या स्कूटरींत आणि रिक्षांतही हीच पंख्याची सोय असते. फक्त मोटरसायकलने बाहेरच्या वाऱ्यावर भरवसा ठेवला.

गंमत अशी की नुसतं उभं राहण्याने फारसं बिघडत नाही. इंजिन जागच्या जागी गुरगुरत असतं तेव्हा पेट्रोलही थोडंच जळतं. खरा घात होतो तो सरकण्यात. पुढचा टेम्पो हातभर पुढे गेला की आपणही हातभर गेलंच पाहिजे, नाहीतर त्या हातभरात कुणीतरी येईल, हा भिवंडीचा कायदा आहे. मग पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, ॲक्सिलरेटर थोडा पिळलेला, दोन्ही पाय जमिनीवर, असं आपण कशेळी पुलापासून काल्हेरपर्यंत चालत जातो. हो, चालतच. गाडी फक्त बरोबर असते. अर्ध्या क्लचमध्ये प्लेटी एकमेकींवर घासत राहतात, आणि मोटरसायकलचा क्लच बहुधा ऑइलमध्ये बुडालेला असल्यामुळे ती सगळी उष्णता ऑइलच्या गळ्यात पडते. १०० सीसीच्या गाडीत ऑइल असतं एक लिटरच्या आत-बाहेर. तेवढ्यानेच पिस्टनला वंगण द्यायचं, गिअर सांभाळायचे, क्लच भिजवायचा आणि वर उष्णताही वाहून न्यायची. आपल्या संयुक्त कुटुंबात थोरल्या सुनेला एवढी कामं नसत.

आमचा अंजूरफाट्याकडचा मिस्त्री तापण्याच्या चर्चेत भाग घेत नाही. गिऱ्हाईक "गाडी लई तापते" म्हणालं की तो काही न बोलता डिपस्टिक काढतो, कपड्याला पुसतो, परत बुडवतो, वर काढतो आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरतो. काडी कोरडी ठणठणीत असते. "इंजन गरमी से नहीं मरता, सेठ," तो म्हणतो, "सूखे से मरता है." त्यावर गिऱ्हाईक विचारतं, "मग ऑइल टाकलं की तापणार नाही ना?" मिस्त्री डिपस्टिक परत लावतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो.

तरीही ही भीती अगदीच हवेतली नाही. ती वडिलोपार्जित आहे. आज ज्यांची पोरं स्प्लेंडर आणि बुलेट फिरवतात, त्यांच्या बापांकडे राजदूत होती, म्हैसूरला बनलेली येझदी होती, आणि नशीबवानांकडे १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १००. या सगळ्या टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा भडका उडतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. त्यातही राजदूत-येझदीत वंगणासाठी वेगळा साठा नसायचा. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकायचं आणि मापाची जबाबदारी पंपावरच्या पोऱ्याच्या अंदाजावर सोडायची. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बाप, आई, टाकीवर थोरला, मांडीवर धाकटी आणि मध्ये पत्र्याची ट्रंक असा संसार कसारा घाटाला लागला आणि ऑइल कमी पडलं, की पिस्टन पकडायचा. चाक जागच्या जागी थांबायचं. त्या पिढीतला माणूस डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवून गाडी चालवायचा, आणि दर तासाने "गाडीला श्वास घेऊ दे" म्हणून टपरीवर उतरायचा. ती शहाणपणाची वागणूक होती. त्या गाड्या गेल्या, टपऱ्या राहिल्या. आता मुलगा फोर-स्ट्रोक गाडीवरून नाशिकला निघतो आणि पडघ्यालाच इंजिन थंड करायला थांबतो. भजी तळून होईपर्यंत इंजिन थंड होतं, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

इंजिनाच्या उपचारांवर आपल्याकडे एक स्वतंत्र शाखा आहे. तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं पाणी ओतणं हा तिच्यातला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक प्रकार. 'चर्र' असा आवाज येतो, वाफ उठते आणि ओतणाऱ्याच्या चेहऱ्यावर दानधर्म केल्याचं समाधान दिसतं. धातूचा एक भाग एकदम आकसतो, शेजारचा तसाच फुगलेला राहतो, आणि एखादी फिन तडकते किंवा हेड वाकतं. मिस्त्री मंडळी या प्रथेविरुद्ध कधी बोललेली नाहीत. पेट्रोलच्या टाकीवर ओलं गोणपाट टाकण्याला कार्ब्युरेटरच्या जमान्यात थोडा आधार होता, कारण पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी अडून बसायची. १ एप्रिल २०२०पासून बीएस सहा आलं, फ्युएल इंजेक्शन आलं, आणि गोणपाटाचा तो आधारही गेला. गोणपाट मात्र आहे. पावसाळ्यात पायावर चिखल उडू नये म्हणून लेगगार्डला रेक्झिनचा पडदा बांधतात तोही आहे. तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत सोडत नाहीत. वारा नेमका जिथून इंजिनाला लागायचा तिथे कायमचा पडदा लावून मग मालक म्हणतो, कंपनीने इंजिन नीट बनवलेलं नाही.

कंपनीचं म्हणाल, तर हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी जगात सर्वांत जास्त हट्ट ज्याने धरला तो स्वतः कंपनीचाच मालक होता. सोइचिरो होंडा. त्यांचा मुद्दा भिवंडीच्या कापड बाजारात एका वाक्यात पटला असता. पाण्याने इंजिन थंड केलं तरी ते पाणी पुढे रेडिएटरमध्ये हवेनेच थंड होणार. मग मधला दलाल कशाला? १९६८ साली त्यांनी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची फॉर्म्युला वन गाडी फ्रान्समधल्या रुआंच्या शर्यतीत उतरवली. त्या शर्यतीत अपघात होऊन चालक जो श्लेसर मरण पावला. तरी १९६९मध्ये त्याच तत्त्वावरची होंडा १३०० ही मोटार बाजारात आली. दलाल काढून टाकला खरा, पण त्याचं काम करायला इतके पंखे, इतक्या भिंती आणि इतका धातू लागला की गाडी जड आणि किचकट होऊन बसली. हाताखालच्या इंजिनियरांनी मालकाला सांगितलं की धुराचे नियम कडक होणार आहेत, इंजिनाचं तापमान सगळीकडे एकसारखं ठेवायचं तर पाण्याशिवाय गत्यंतर नाही. होंडांनी शेवटी ऐकलं. १९७२ची सिव्हिक पाण्याची निघाली आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले.

मोटरसायकलींपुरता मात्र त्यांचाच मुद्दा टिकला, कारण उघड्यावर बसलेल्या छोट्या इंजिनाला दलाल खरोखरच लागत नाही. १९५८च्या सुपर कबचं ते आडवं इंजिन हवेनेच थंड व्हायचं, आणि त्याच घराण्यातलं ९७ सीसीचं इंजिन १९८५मध्ये हिरो होंडाच्या सीडी १००मधून आणि १९९४मध्ये स्प्लेंडरमधून आपल्या दारात आलं. इतकी साधी वस्तू इतकी वर्षं इतक्या हालात चालते हे बघून मला तरी सोइचिरोंची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांनी मोटारीच्या नादाला लागायला नको होतं.

ज्यांना हवेवर भरवसा नाही ते रेडिएटरवाली गाडी घेतात. आमच्या भाच्याने घेतली. आता त्याच्या इंजिनाला काटा आहे, पाणी आहे, पंखा आहे. कल्याण नाक्यावर गाडी दोन मिनिटं अडकली की पंखा 'घुर्रर्र' करून सुरू होतो आणि रेडिएटरमधली सगळी गरम हवा सरळ भाच्याच्या मांड्यांवर सोडतो. इंजिन अगदी सुखात असतं. भाचा दोन्ही गुडघे बाहेर फाकवून, दोन लेनमधली जागा अडवून बसतो आणि मागचे त्याला शिव्या घालतात. हार्ले-डेव्हिडसनवाल्यांना हा प्रश्न इतका भेडसावला की त्यांनी मोठ्या गाड्यांत वेगळीच सोय केली: गाडी उभी असताना इंजिन फार तापलं तर मागचा सिलिंडर, म्हणजे जो बसणाऱ्याच्या मांडीजवळ येतो तो, आपोआप जळायचा थांबतो. लाखो रुपयांच्या गाडीचं अर्धं इंजिन बंद ठेवायचं, ते मालकाचा पाय भाजू नये म्हणून. हिरोने २०१४ साली स्प्लेंडरच्या एका मॉडेलमध्ये याहून सोपं उत्तर दिलं. न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभी राहिली की गाडी पूर्ण बंद, क्लच दाबला की चालू. भिवंडीत ही सोय चालायला एक अट आहे, गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. ती कुणी टाकत नाही. न्यूट्रल म्हणजे शरणागती. मधल्या हातभर जागेवरचा हक्क सोडल्यासारखं होतं.

नवीन गाड्या जुन्यांपेक्षा जास्त तापतात ही तक्रार खोटी नाही. धूर कमी करायचा म्हणून पेट्रोलचं प्रमाण बेताचं ठेवतात, आणि सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवतात, जो तापल्याशिवाय कामच करत नाही. गाडी बंद केल्यावर जे 'टिक... टिक... टिक' ऐकू येतं ते बऱ्याच अंशी या पाइपांच्या आकसण्याचं. त्याला घाबरून गाडी गॅरेजला नेणारे लोक आहेत. गॅरेजला पोचेपर्यंत ती परत तापते आणि तिथे उभी केल्यावर परत टिकटिकते, त्यामुळे तक्रार मिस्त्रीलाही प्रत्यक्ष ऐकवता येते. अलीकडे पेट्रोलमधल्या इथेनॉलवरही दोष टाकतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं हे खरं. पण नाक्यावर अर्धा तास अर्ध्या क्लचमध्ये काढून इथेनॉलला शिव्या देणं म्हणजे जरा अतीच झालं.

आमच्या शेजारच्या काकांची जुनी बुलेट आहे, बिडाच्या सिलिंडरची. काका तिला उन्हात उभी करत नाहीत, चढावर दामटत नाहीत, आणि दूर जायचं तर पहाटे निघतात. त्यांच्या गुडघ्यांना कुणीतरी वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांचा उपाय सांगितला. भिवंडी तालुक्यातच, वाडा रस्त्याने अंबाडीवरून तीसेक किलोमीटर. "चल रे तू पण," काका म्हणाले, "मागे कुणीतरी बसलेलं बरं. वाटेत गाडी तापली तर चहा एकट्याने पिववत नाही."

अनगावला गाडी तापली. अंबाडीला परत तापली. दोन्ही ठिकाणी काकांनी हात नेला, मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मीही हात नेला. अकलोलीला पोचल्यावर काकांनी पिशवीतून ओलं गोणपाट काढून इंजिनावर अंथरलं. "काका, ते नका टाकू," मी म्हणालो. "तुला काय कळतंय," काका म्हणाले आणि तानसा नदीच्या काठच्या कुंडाकडे निघाले. तिथल्या पाण्यात पाय घातला की माणूस आधी ओरडतो, मग हळूहळू आत सरकतो. काका गळ्यापर्यंत बसले. चेहरा लालबुंद झाला, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, आणि डोळे मिटून ते म्हणाले, "आहाहा! अंग कसं मोकळं झालं." त्यांना कुंडाबाहेर काढायला मला बरीच मनधरणी करावी लागली.

तोपर्यंत बारा वाजून गेले होते. गाडी सकाळी झाडाच्या सावलीत लावली होती, पण सावली काकांची वाट बघत थांबलेली नव्हती. काकांनी गोणपाट उचललं, इंजिनाला हात लावला. या वेळी लावलाच, आणि तिथेच ठेवला. "बघ," ते विजयाने म्हणाले, "गार!" इंजिन खरंच गार होतं. काकांनी किल्ली लावली, पाय टाकला आणि काळ्या रेक्झिनच्या सीटवर सगळं वजन टाकून बसले.

गुडघ्यांना किती गुण आला हे तेव्हाच कळलं. इतक्या चपळाईने काकांना उभं राहताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"गोणपाट आण!" ते ओरडले.